पॉलिमर डीएनएला घट्ट धरतो, मग पेशीत जीन चालत का नाही?

पॉलिमरच्या कणांतून पेशीत जीन नेण्याच्या कामाबद्दल आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. २५ किलोडाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) ब्रँच्ड, म्हणजे फांद्या असलेल्या, पीईआयला (पॉलिइथिलीनइमाइनला) पीईजीच्या, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या, साखळ्या जोडून नॅनोकण केले आहेत. अगारोज जेलवर एन/पी (पॉलिमर आणि डीएनएचे प्रमाण) ५ पासून पुढे डीएनए वेलमधून, म्हणजे जेलच्या खाचेतून, हलत नाही. डीएलएसवर (प्रकाश विखुरण्यावरून कण मोजण्याच्या पद्धतीत) आकार १४० नॅनोमीटर येतो, झीटा पोटेन्शियल (कणाच्या पृष्ठभागावरच्या भाराचे माप) +३२ वरून +६ मिलिव्होल्टवर आले आहे आणि एमटीटीमध्ये, म्हणजे पेशी जगल्या का ते पाहणाऱ्या चाचणीत, ९० टक्क्यांहून जास्त पेशी जिवंत आहेत. पण जीएफपीचा, म्हणजे जीन चालली की चमकणाऱ्या प्रथिनाचा, हिरवा रंग एचईके२९३टी या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या मानवी पेशींत जेमतेम दिसतो आणि त्वचेच्या फायब्रोब्लास्टमध्ये जवळजवळ नाहीच. आता फोलेट जोडू, हिस्टिडीन जोडू की आर्जिनीन? आणि लसी लिपिडवर गेलेल्या असताना पॉलिमरच्या या कामाला पुढे काही वाव आहे का?

पहिल्या भागाचे उत्तर आधी देते: सध्या काहीही जोडू नका. कण नेमका कुठे अडतो आहे हे माहीत नसताना नवा गट जोडणे म्हणजे अंधारात तीर मारणे. सिंथेसिस, डायलिसिस (पडद्यातून लहान रेणू गाळून काढणे), एनएमआर (रेणूची रचना तपासणे) यात तीन महिने जातात आणि शेवटी हाती तोच फिका हिरवा रंग येतो. तुमच्या आकड्यांत उत्तराचा बराचसा भाग दडलेला आहे, तो आधी वाचू.

पेशी इतक्या छान का जगल्या? पीईआय विषारी ठरतो तो त्याच्या धनभारामुळे. पेशीच्या पटलावर ऋणभार असतो, पीईआय त्याला चिकटतो, पटल फाटते. तोच धनभार कणाला पेशीजवळ ओढतो आणि आत घ्यायला लावतो. पीईजीने भार झाकला, झीटा +६ वर आणले, तेव्हा विष कमी झाले हे खरे, पण चिकटणेही कमी झाले. म्हणून माझा पहिला संशय असा की तुमच्या पेशी जगल्या, कारण त्यांच्यात फारसे काही गेलेच नाही. एमटीटीचा आलेख एकटा पाहिला की तो यशाचा वाटतो. जीएफपीच्या आलेखाशेजारी ठेवला की वेगळेच सांगतो.

आता एन/पीचा हिशेब. इथे बहुतेकांचे घोडे पेंड खाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एन/पी म्हणजे पॉलिमरमधल्या नायट्रोजनचे डीएनएमधल्या फॉस्फेटशी प्रमाण. डीएनएच्या एका न्यूक्लिओटाइडचे सरासरी वजन ३३० धरतात, म्हणजे १ मायक्रोग्रॅम डीएनएत सुमारे ३ नॅनोमोल फॉस्फेट. पीईआयमध्ये दर ४३ डाल्टनमागे एक नायट्रोजन, म्हणजे १ मायक्रोग्रॅममध्ये सुमारे २३ नॅनोमोल नायट्रोजन. दोन्ही सारख्या वजनाने घेतले तर एन/पी ७.७ च्या आसपास येते. इथपर्यंत सगळ्यांचे बरोबर असते. आता २५ किलोडाल्टनच्या एका पीईआय रेणूला ५ किलोडाल्टनच्या फक्त पाच पीईजी साखळ्या लागल्या आहेत असे समजा. रेणूत नायट्रोजन सुमारे ५८० आहेत, त्यांतले पाचच खर्ची पडले. पण रेणूचे वजन २५ वरून ५० किलोडाल्टन झाले. म्हणजे तुम्ही तराजूवर तोलता त्यातले निम्मे पीईजी आहे आणि १ मायक्रोग्रॅममध्ये नायट्रोजन ११.६ नॅनोमोलच उरला. जुन्या २३ च्या आकड्यानेच हिशेब केला असेल, तर तुमचे एन/पी १० खरे तर ५ आहे. साध्या पीईआयशी केलेली तुलना मग तिथेच कोलमडते.

यावर उपाय साधा आहे. नायट्रोजन वजनावरून काढू नका, मोजा. प्राथमिक अमाइन टीएनबीएस या अभिकर्मकाने मोजता येतात, पीईजीचे प्रमाण प्रोटॉन एनएमआरमध्ये कळते आणि एकूण पीईआय तांब्याच्या क्षाराशी होणाऱ्या निळ्या संयुगावरून काढता येतो. बदल केलेल्या प्रत्येक बॅचसाठी हे करायचे. गेल्या वर्षीच्या बॅचचा आकडा यंदा चालत नाही.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते. ५,००० बेसपेअरच्या प्लाझमिडवर (जीन वाहणाऱ्या डीएनएच्या वर्तुळावर) १०,००० फॉस्फेट असतात. डीएनए पूर्ण आवळायला एन/पी ३ च्या आसपास पुरते, म्हणजे एका प्लाझमिडमागे पीईआयचे पन्नासेक रेणू. एन/पी १० ला तुम्ही १७० च्या वर रेणू ओतता. उरलेले शंभराहून जास्त कणात बसत नाहीत, द्रावणात मोकळे फिरतात. बरीचशी विषबाधा या मोकळ्या साखळ्यांची असते आणि, विचित्र वाटेल, पण ट्रान्सफेक्शनमध्येही, म्हणजे पेशीत जीन घालून चालवण्यातही, त्यांचा मोठा हात असतो. कण धुऊन मोकळा पीईआय काढून टाकला की विष उतरते आणि जीएफपीही पडते, हे अनेक गटांनी दाखवले आहे. तुमच्या डायलिसिसमध्ये पीईआयमधल्या लहान साखळ्या निघून गेल्या असतील, तर ‘पीईजीमुळे विष कमी झाले’ या निष्कर्षातला काही वाटा डायलिसिसचा आहे. म्हणून कंट्रोल म्हणून बाटलीतला पीईआय घेऊ नका. पीईजी न घालता, पण तेच सॉल्व्हंट, तोच वेळ आणि तेच डायलिसिस यांतून गेलेला पीईआय घ्या.

जेलबद्दलही एक सांगायला हवे. डीएनए वेलमध्ये अडकला याचा अर्थ बांधणी झाली, एवढाच. बांधणी हा या प्रवासातला सर्वांत सोपा टप्पा आहे आणि नेमक्या त्याचेच चित्र प्रबंधात सर्वांत मोठे छापले जाते. पॉलिलायसीनचा, म्हणजे पीईआयच्या आधीच्या धनभारित पॉलिमरचा, इतिहास पाहा. १९८७ मध्ये वू दांपत्याने पॉलिलायसीनला यकृताच्या पेशी ओळखतात असे ग्लायकोप्रोटीन जोडून जीन नेऊन दाखवली आणि या क्षेत्राची वाट मोकळी झाली. पॉलिलायसीन डीएनए उत्तम आवळतो. तरी नुसत्या पॉलिलायसीनने ट्रान्सफेक्शन फार कमी होते, क्लोरोक्विन घातले की वाढते. क्लोरोक्विन हे कणाला एंडोसोममधून, म्हणजे पेशी कण गिळते त्या पिशवीतून, सुटायला मदत करणारे औषध. म्हणजे धरण्यात कसर नव्हती, आतून सुटण्यात होती. १९९५ मध्ये स्ट्रासबुर्गच्या जाँ-पॉल बेर यांच्या गटाने पीईआय आणला, तो क्लोरोक्विनशिवायच चालला, आणि तेव्हापासून तो सगळ्यांचा मापदंड होऊन बसला आहे.

तो का चालतो याचे नेहमीचे उत्तर ‘प्रोटॉन स्पंज’ असे असते. कल्पना सुबक आहे. एंडोसोममध्ये आम्ल वाढते, पीईआयचे नायट्रोजन प्रोटॉन पीत राहतात, त्यांच्यापाठोपाठ क्लोराइड आणि पाणी आत येते, एंडोसोम फुगून फुटतो. पण ही कल्पना सिद्ध झालेली नाही. २०१३ मध्ये डेन्मार्कच्या एका गटाने पेशींच्या लायसोसोममधला (एंडोसोमच्या पुढच्या आम्लयुक्त पिशवीतला) पीएच नॅनोसेन्सरने मोजला, तेव्हा पीईआयमुळे तो बदललेला दिसला नाही. माझा कल आता असा आहे की साठलेला धनभारित पॉलिमर एंडोसोमच्या पटलाला आतून छिद्रे पाडतो, फुगणे असलेच तर सोबतीला असते. तुम्हाला हे मान्य असो नसो, टायट्रेशनचा आलेख काढून ‘बफर क्षमता जास्त, म्हणून एंडोसोममधून सुटका जास्त’ असे लिहू नका. परीक्षक तिथेच पकडतात, आणि बरोबर पकडतात.

या बाबतीत दोन जुने निष्कर्ष शेजारी ठेवून वाचावेत. २००४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉयच्या गटाने ब्रँच्ड पीईआयचे काही प्राथमिक अमाइन अ‍ॅसेटिल गटाने झाकले. बफर क्षमता घटली, डीएनएवरची पकडही सैल झाली. स्पंजच्या सिद्धांताप्रमाणे जीन कमी चालायला हवी होती, ती कित्येक पटींनी जास्त चालली. पुढच्याच वर्षी एमआयटीतून नेमका उलटा निकाल आला. बाजारातल्या २५ किलोडाल्टनच्या लिनियर (सरळ साखळीच्या) पीईआयमध्ये सिंथेसिसमधून राहून गेलेले प्रोपिओनिल गट, सुमारे ११ टक्के, होते. ते पूर्ण काढून टाकल्यावर पेशींत २१ पट आणि उंदरांच्या फुप्फुसात १०,००० पट जास्त जीन चालली. एका ठिकाणी अ‍ॅसिल गट (अ‍ॅसेटिल आणि प्रोपिओनिल दोन्ही त्यातलेच) लावून फायदा, दुसऱ्या ठिकाणी काढून फायदा! मी याचा अर्थ असा लावते की ब्रँच्ड पीईआय डीएनएला गरजेपेक्षा जास्त आवळतो, त्याला सैल करावे लागते. लिनियरची पकड मुळातच हलकी असते, तिथे आणखी सैल करून चालत नाही. करकचून बांधलेले गाठोडे मुक्कामाला पोहोचूनही उघडले नाही तर आतला माल असून नसून सारखाच. तेव्हा बदल करताना ‘कोणता गट’ यापेक्षा ‘पकड किती ठेवायची आणि कुठे सोडायची’ हे ठरवायचे असते.

पकड मोजायला हेपरीन आहे, म्हणजे डीएनएशी स्पर्धा करून पॉलिमरला चिकटणारा ऋणभारित रेणू. तयार कणांत वाढत्या प्रमाणात हेपरीन घाला, कितीला डीएनए सुटून जेलवर धावू लागतो ते पाहा. तुमचा पीईजी-पीईआय आणि डायलिसिस केलेला साधा पीईआय एकाच जेलवर, शेजारी शेजारी. या एका चित्रातून रिटार्डेशनच्या, म्हणजे डीएनए वेलमध्ये अडकल्याच्या, पाच चित्रांपेक्षा जास्त कळते.

आता पाणी कुठे मुरते ते शोधू. कणाच्या वाटेत चार नाकी आहेत: पटलाला चिकटून आत जाणे, एंडोसोममधून निसटणे, पॉलिमरपासून डीएनए सुटणे आणि डीएनए केंद्रकात पोहोचणे. चौथे लोक विसरतात.

प्लाझमिडला साय५ हा रंग कोव्हॅलंट पद्धतीने लावून घ्या. दोन साखळ्यांच्या मध्ये घुसणारे रंग डीएनएची बांधणी बदलतात, शिवाय सुटून इतरत्र जातात. कण पेशींवर चार तास ठेवा, एक प्लेट ३७ अंशांवर, एक ४ अंशांवर. ४ अंशांवर कण चिकटतो पण पेशी त्याला आत घेत नाही. नंतर हेपरीन मिसळलेल्या पीबीएस बफरने धुवा, नाहीतर बाहेर चिकटलेले कणही ‘आत गेले’ म्हणून मोजले जातील. मग फ्लो सायटोमेट्री, म्हणजे एकेका पेशीचा रंग मोजणे. साध्या पीईआयने जवळजवळ सगळ्याच पेशींत साय५ दिसतो, जीएफपी मात्र त्यांतल्या काहींतच. तुमच्या कणांनी साय५च कमी दिला, तर अडचण पहिल्या नाक्यावर आहे आणि दोष पीईजीचा आहे. मग हिस्टिडीन लावून काही साधणार नाही, कारण हिस्टिडीनचे काम एंडोसोममध्ये सुरू होते आणि तुमचा कण तिथवर जातच नाही.

साय५ भरपूर आणि जीएफपी नाही, असे झाले तर आत बघायचे. एका संचात चार तासांसाठी १०० मायक्रोमोलर क्लोरोक्विन द्या (ते स्वतःही पेशींना मानवत नाही, म्हणून नुसत्या क्लोरोक्विनचा कंट्रोल हवाच). जीएफपी वाढला तर कण एंडोसोममध्ये अडकत होता. नाही वाढला तर त्याच पॉलिमरने प्लाझमिडऐवजी जीएफपीचा एमआरएनए नेऊन पाहा. एमआरएनएला केंद्रकात जावे लागत नाही. तो चालला आणि प्लाझमिड चालला नाही, तर अडसर केंद्रकाचा आहे किंवा डीएनए सुटत नाही याचा. हेपरीनचे जेल हाताशी असेल तर या दोघांतला फरकही करता येतो.

केंद्रकाची गोष्ट तुमच्या फायब्रोब्लास्टला थेट लागू पडते. केंद्रकाच्या छिद्रांतून काही दशक नॅनोमीटरहून मोठे काही जात नाही, १४० नॅनोमीटरचा कण तर नाहीच. बहुतेक प्लाझमिड आत जाते ते पेशी विभागताना, केंद्रकाचे आवरण विरघळते तेव्हा. एचईके२९३टी भराभर विभागतात. शिवाय त्यांच्यात एसव्ही४० विषाणूचे लार्ज-टी प्रथिन असते आणि पी-ईजीएफपी-एन१ सारख्या प्लाझमिडवर एसव्ही४०चे ओरिजिन, म्हणजे प्रती बनायला सुरुवात होते ती जागा, असते, त्यामुळे आत पोहोचलेल्या थोड्या प्लाझमिडच्याही प्रती वाढतात. थोडक्यात, एचईके२९३टी या पेशी आपली खुशामत करतात. त्यांच्यावर चाललेला पॉलिमर इतरत्र चालेलच असे नाही, आणि त्यांच्यावरही जेमतेम चालणारा पॉलिमर फायब्रोब्लास्टवर चालण्याची आशा धरूच नये. फायब्रोब्लास्ट दाट वाढू दिले की विभागणी जवळजवळ थांबवतात. ६० टक्के भरलेल्या प्लेटवर, कमी पॅसेजच्या (कमी वेळा नव्या प्लेटवर हलवलेल्या) पेशी घेऊन पुन्हा करून पाहा. नुसत्या एवढ्यानेच आकडा हललेला पुष्कळदा दिसतो.

मिश्रण कसे करता हे प्रश्नात नाही, पण मला वाटते निम्मा गोंधळ तिथेच होतो. पीईआय-डीएनएचे कण ५ टक्के ग्लुकोज आणि हेपेस बफरमध्ये केले तर लहान राहतात, शंभर नॅनोमीटरच्या आसपास. १५० मिलिमोलर मिठाच्या पाण्यात तेच कण एकमेकांना चिकटत जातात. नळी उजेडासमोर धरली तर सुरुवातीला स्वच्छ दिसणारे द्रावण हळूहळू दुधाळ होत जाते, अर्ध्या तासात कण मायक्रोमीटरच्या जवळ पोहोचलेले असतात. गंमत अशी की हे मोठे कण पेशींवर झपाट्याने बसतात आणि प्लेटमध्ये जीएफपी जास्त दिसतो. विद्यार्थी खूश होतो. मग तेच द्रावण उंदराच्या शेपटीच्या शिरेत दिले की ते फुप्फुसातल्या केशवाहिन्यांत अडकते आणि उंदीर दगावतो. म्हणून डीएलएस कुठल्या द्रावणात आणि मिसळल्यावर किती मिनिटांनी केले ते लिहायलाच हवे. पाण्यात मोजलेले १४० नॅनोमीटर आणि सीरमच्या माध्यमात पेशींवर पडणारा कण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सीरममधली प्रथिने कणावर चढतात आणि तुमचे +६ झीटा तिथे ऋण झालेले असते. डीएलएस मोठ्या कणांना अतोनात झुकते माप देते, थोडासा गुठळलेला भागही सरासरी बिघडवतो, तेव्हा सरासरीबरोबर पीडीआयही, म्हणजे आकार किती पसरलेले आहेत त्याचे मापही, द्या.

मिसळताना नेहमी एकाच क्रमाने, सारख्या आकारमानाची द्रावणे घ्या आणि पॉलिमर डीएनएमध्ये एका झटक्यात टाकून लगेच व्हॉर्टेक्स करा. थेंब थेंब टाकणारे विद्यार्थी असतात. त्यात पहिल्या थेंबाला डीएनए जास्त, शेवटच्या थेंबाला पॉलिमर जास्त, आणि एकाच नळीत निरनिराळ्या जातीचे कण तयार होतात. प्लाझमिड एंडोटॉक्सिनमुक्त किटने काढा. साध्या मिनिप्रेपच्या डीएनएने फायब्रोब्लास्टसारख्या प्राथमिक (थेट शरीरातून घेतलेल्या) पेशी रुसतात आणि दोष पॉलिमरच्या माथी बसतो. एमटीटी २४ तासांनी करता तेव्हा पहिल्या तासाभरात पटल फाटून मेलेल्या पेशी धुवून गेलेल्या असू शकतात, म्हणून एलडीएच, म्हणजे फाटलेल्या पेशीतून गळणारे विकर, लवकर एकदा मोजा. आणि जीएफपीचे टक्के काढताना छेद कोणता घेतला ते पाहा: पेरलेल्या पेशी की उरलेल्या?

आता बदलांकडे. मी गट निवडते तो नाक्याप्रमाणे.

पीईजी रक्तासाठी आहे. शिरेतून दिलेला उघडा धनभारित कण काही मिनिटांत प्रथिनांनी लडबडतो आणि यकृत-प्लीहेतल्या मॅक्रोफेजच्या तोंडी जातो, म्हणून त्याला पीईजीचे पांघरूण लागते. प्लेटमधल्या पेशींना त्याचा उपयोग शून्य, तोटाच जास्त. तुमचे अंतिम उद्दिष्ट शिरेतून देण्याचे नसेल, तर पीईजी का घातला या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवा. ‘सगळे घालतात म्हणून’ हे उत्तर मी अनेक सादरीकरणांत शब्दांआडून ऐकले आहे. उद्दिष्ट शिरेचेच असेल, तर पीईजी आम्लात तुटणाऱ्या दुव्याने जोडा, म्हणजे एंडोसोममध्ये किंवा कर्करोगाच्या गाठीच्या आम्ल वातावरणात तो गळून पडेल. काही लोकांच्या रक्तात पीईजीविरोधी प्रतिपिंडे आधीपासून असतात, हेही ध्यानात असू द्या.

फोलेट, ट्रान्सफेरिन, गॅलॅक्टोज हे लिगंड (पेशीवरच्या ग्राहीला ओळखून चिकटणारे रेणू) कण पेशीच्या ठरावीक दारावर नेतात. पण साध्या धनभाराने तो कण कुठल्याही पेशीला चिकटत असेल, तर लिगंडचा परिणाम त्यात बुडून जातो. आधी भार झाकायचा, मग लिगंड लावायचा, आणि मोकळा लिगंड घालून स्पर्धा लावल्यावर ट्रान्सफेक्शन पडते का ते दाखवायचे. हे न दाखवता ‘टार्गेटेड’ म्हणणे धाडसाचे आहे. फोलेट, आरजीडी आणि टॅट पेप्टाइड तिन्ही एका कणावर लावलेले काम परवाच तपासले. नाकापेक्षा मोती जड.

सोडण्याचा नाका अवघड असेल तर तुटणारा पॉलिमर घ्यावा. ८०० किंवा १,८०० डाल्टनचा पीईआय जवळजवळ निरुपद्रवी असतो, पण डीएनए नीट नेत नाही. त्याचेच लहान तुकडे डायसल्फाइड दुव्यांनी सांधले तर बाहेर तो मोठ्या पीईआयसारखा वागतो आणि पेशीत शिरल्यावर विरघळतो. ग्लुटाथायोन पेशीच्या आत १ ते १० मिलिमोलर असते, बाहेर काही मायक्रोमोलर, हजार पटींचा हा फरकच दुवे तोडतो. दिल्लीच्या आयजीआयबीमध्ये पीईआयचे अमाइन सांधून किंवा अंशतः झाकून केलेल्या नॅनोकणांवर बरेच काम झाले आहे. आपल्याकडच्या प्रयोगशाळेत परवडेल असे रसायन त्यात सापडते. दुसरी वाट पॉलि-बीटा-अमिनो एस्टरची. २००० मध्ये एमआयटीत लिन आणि लँगर यांनी ती दाखवली. डायअ‍ॅक्रिलेट आणि अमाइन एका बाटलीत एकत्र तापवले की पॉलिमर तयार, त्यामुळे शेकडो प्रकार करून चाळता येतात. साखळीतले एस्टर पाण्यात तुटतात. हा गुणही आहे आणि डोकेदुखीही, कारण जलीय द्रावणात ठेवलेला नमुना आठवड्याने तो राहिलेला नसतो. कोरड्या डीएमएसओत, उणे २० अंशांवर, लहान लहान वाट्यांत ठेवा आणि वापरण्याच्या क्षणी सोडियम अ‍ॅसिटेटच्या आम्ल बफरमध्ये काढा.

चिटोसान आपल्याकडे फार वापरतात. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून होतो, स्वस्त, पेशींना सोसतो. पण त्याच्या अमाइनचा पीकेए ६.५ च्या आसपास. पीएच ५.५ ला डीएनए झकास धरतो, ७.४ ला भार उतरतो आणि कण उकलू लागतो. म्हणून त्यावर ट्रायमिथिल करून कायमचा भार देतात, आर्जिनीन लावतात किंवा एंडोसोमसाठी इमिडाझोल. डिअ‍ॅसिटिलेशनची टक्केवारी आणि रेणुभार न लिहिता नुसते ‘चिटोसान’ लिहिलेल्या कामाची तुलना कशाशीच करता येत नाही. पीएलजीए या शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरबद्दल एवढेच की तो मुळात ऋणभारित, डीएनए आत कोंडताना सोनिकेशनमध्ये प्लाझमिड तुटते आणि कणाच्या पोटात तयार होणाऱ्या आम्लाने उरलेले खराब होते. वर चिटोसानचा किंवा पीईआयचा थर देऊन डीएनए पृष्ठभागावर बांधणे जास्त सोयीचे.

भवितव्याबद्दल. लिपिड जिंकले हे मान्य करावे. २०१८ मध्ये पॅटिसिरान हे एसआयआरएनएचे (जीन बंद करणाऱ्या लहान आरएनएचे) औषध लिपिड कणांवर मंजूर झाले, मग कोविडच्या लसी आल्या. पुण्याच्या जेनोव्हाची एमआरएनए लसही लिपिडवर आधारलेल्या वाहकावरच. झायडसची झायकोव्ह-डी ही डीएनए लस तर वाहकाशिवाय, नुसते प्लाझमिड बिनसुईच्या यंत्राने त्वचेत सोडते. पॉलिमरने माणसात हजेरी लावली ती त्याआधीच. कॅलटेकच्या मार्क डेव्हिस यांच्या गटाने सायक्लोडेक्स्ट्रिन पॉलिमर आणि ट्रान्सफेरिनचे कण कर्करुग्णांना शिरेतून देऊन आरएनए इंटरफेरन्स, म्हणजे आरएनएने जीन बंद करणे, माणसात घडते याचा पुरावा २०१० मध्ये छापला. ते औषध पुढे गेले नाही. पॉलिमरची मुख्य अडचण अशी की त्याचा प्रत्येक रेणू वेगळ्या लांबीचा असतो, त्यावर लावलेले गट कुठे बसले ते सांगता येत नाही, आणि नियामकाला प्रत्येक बॅच एकसारखी हवी असते. लिपिडचा रेणू एकच, शुद्ध करता येतो. तुमच्या पीईजी-पीईआयच्या दोन बॅच एनएमआरवर शेजारी ठेवा, मी काय म्हणते ते दिसेल.

तरी वाव आहे. लिपिड कण शिरेतून दिले की रक्तातले एपीओई प्रथिन त्यांना यकृताकडे नेते. मूत्राशय, फुप्फुस, डोळा अशा ठिकाणी थेट सोडायचे असेल तेव्हा पॉलिमर आजही स्पर्धेत आहे. बदल केलेल्या चिटोसानवर आधारलेले एनजीन कंपनीचे डेटालिमोजीन हे प्लाझमिड-औषध, बीसीजी लशीच्या उपचाराला दाद न देणाऱ्या मूत्राशयाच्या कर्करोगासाठी, माणसांवरील चाचण्यांत पोहोचले आहे. आणि ज्या विषाणूंना पॉलिमर हरवणार म्हणत होते, त्यांच्याच कारखान्यात तो कामाला आहे: एएव्ही आणि लेन्टीव्हायरस हे जीन वाहून नेणारे विषाणू बनवण्यासाठी एचईके२९३ पेशींत तीन-चार प्लाझमिड एकदम घालावी लागतात, आणि मोठ्या टाक्यांत त्यासाठी पीईआय सर्रास वापरला जातो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभी राहून २०२३ मध्ये मंजूर झालेली नेक्सकार१९ ही उपचारपद्धतीही (रुग्णाच्याच प्रतिकारपेशींत जीन घालून कर्करोगावर करायची) लेन्टीव्हायरसवर आधारलेली आहे. असे उपचार देणारी केंद्रे आपल्याकडे वाढली की लेन्टीव्हायरस लागणार, आणि तो बनवताना कमी डीएनएत जास्त विषाणू देणारा, शेवटी सहज काढून टाकता येणारा पॉलिमर ज्याच्याकडे असेल त्याला विचारणा होईल. पीएचडीनंतर नोकरी शोधणाऱ्याने या बाजूकडे दुर्लक्ष करू नये.

तुमच्या हातातल्या नमुन्याचे आत्ता काय करायचे? तो टाकू नका. डायलिसिस केलेला साधा पीईआय आणि तुमचा पीईजी-पीईआय ०, २५, ५०, ७५, १०० टक्के अशा प्रमाणांत मिसळा, प्रमाण मोजलेल्या नायट्रोजनवर धरा, एन/पी १० वर सगळे ग्लुकोज-हेपेसमध्ये करा आणि एकाच दिवशी साय५, जीएफपी आणि एलडीएच तिन्ही घ्या. पीईजीचा वाटा घटेल तसा साय५ आणि जीएफपी दोन्ही चढले, तर नव्या सिंथेसिसची गरज नाही, कमी पीईजीची बॅच करा. साय५ चढला आणि जीएफपी जागचा हलला नाही, तर क्लोरोक्विन आणि हेपरीन ही दोन प्रयोगांची जोडी लावा. हिस्टिडीन मागवायचे की नाही ते त्यानंतर ठरवा.